स्टॅटिन, विस्मरण आणि संगीत

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातील औषधांमुळे विस्मरण होते, म्हणून गोळी बंद करून मनःशांतीसाठी संगीत ऐकावे, अशी सूचना कुणी केली, तर ती मला काळजीची वाटते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये या औषधांच्या माहितीपत्रकात विस्मरणाची नोंद घालायला लावली हे खरे. पण हा परिणाम सहसा गंभीर नसतो आणि औषध थांबवल्यावर ओसरतो, असेही त्याच वेळी स्पष्ट केले होते. शिवाय २०,५३६ जणांवरील ब्रिटनच्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीमध्ये सिम्व्हास्टॅटिन हे स्टॅटिन घेणारे आणि औषधविरहित गोळी घेणारे यांच्या बौद्धिक क्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही. शस्त्रक्रियेपूर्वीची चिंता संगीताने कमी होते, याला चाचण्यांचा आधार आहे, त्यामुळे संगीत जरूर ऐकावे. मात्र गोळीऐवजी नव्हे. विस्मरण जाणवतच असेल, तर थायरॉइड आणि ब-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे व मात्रा किंवा स्टॅटिन बदलण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे.