मदत हवी आहे: दलदलीचं जंगल कसं झालं?

मंडळी, रोमानियन भाषेत जंगलाला 'पदुरे' म्हणतात. मूळ लॅटिन 'पालुदेम', अर्थ चक्क दलदल! बोली लॅटिनमध्ये ल आणि द यांनी जागा बदलल्या, 'पादुलेम' झालं. पुढे दोन स्वरांमधल्या लचा रोमानियनमध्ये र होतोच (सूर्य: लॅटिन 'सोलेम', रोमानियन 'सोआरे'). इथवर सगळं सरळ आहे.

घोडं अडतंय ते अर्थापाशी. इटलीत टस्कनीमध्ये 'पादुले' म्हणजे आजही दलदलच. फुचेक्किओची तर प्रसिद्ध आहे. मग डॅन्यूब नदीच्या बाजूला, म्हणजे रोमानियातच, त्यात झाडं कुठून आली? नदीकाठची पाणथळ राई हे उत्तर लगेच सुचतं, पण अल्बेनियन 'प्यूल'ही याच मुळातला, आणि त्याचाही अर्थ जंगलच. म्हणजे हा बदल बाल्कनमध्ये बराच जुना असावा, असा आपला माझा तर्क. शिवाय जंगलासाठी 'सिल्वा' हा हक्काचा लॅटिन शब्द हाताशी असताना दलदल कशाला उसनी घ्यायची?

या दोन अर्थांच्या मधल्या टप्प्याचे दाखले, जुने दस्तऐवज किंवा गावांची नावं, कोणाच्या वाचनात आलेत का? फ्रेंच-जर्मन संदर्भही चालतील, शब्दकोश घेऊन बसेन.