घाटरस्त्यावरचा जादा ऊस: पकडायचा घाटात की काट्यावर?

घाटपायथा
गळीत हंगामात वैभववाडीकडचा ऊस घाट चढून गगनबावड्याच्या अंगाला जातो. 2024 साली करूळ घाट कामासाठी बंद ठेवला तेव्हा वाहतूक भुईबावडा आणि फोंडा घाटांकडे वळवली होती. घाट कुठलाही घ्या, चित्र तेच. हौद्याच्या दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेला ऊस आणि मागे गाड्यांची रांग.

माझं म्हणणं असं की जादा भार पकडायला घाटात कुणी उभं राहायची गरजच नाही. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, दोन्ही वजनं कारखान्याच्या काट्यावर होतातच. गाडी किती टनाला पासिंग आहे ते आरसी बुकात लिहिलेलं असतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवा, कोण किती टन जादा घेऊन आला ते कळतं. तरीही त्या जादा टनांचं वाहतूक भाडं बिनबोभाट निघतं. ते भाडं बंद करा. बाकी रिफ्लेक्टर वाटप, जनजागृती सप्ताह वगैरे चालू द्या, पण त्याने वजन कमी होत नाही.

डबल_ट्रॉली
खुर्चीत बसून भाडं बंद करायला काय जातंय! आम्हाला पैसे टनावर मिळतात, खेपेवर नाही. ऊसतोड टोळीची आगाऊ उचल आम्ही दिलेली, टोळीच्या मुकादमानं तोंड फिरवलं तर ती बुडाली. गाडीचा हप्ता बारा महिने, धंदा चार-पाच महिने. पासिंगएवढाच माल भरला तर घाटातल्या खेपेला डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार निघून हातात काय राहतं, ते एकदा माझ्याबरोबर बसून हिशोब करा. दर वाढवा, मग मी स्वतः कमी भरतो.

बांधावरून
दर वाढवा म्हणजे कुणाच्या खिशातून, तेही सांगा. एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, कारखान्याच्या दारातली असते. तोडणी-वाहतूक आमच्याच बिलातून कापली जाते. दोन खेपांच्या जागी तीन झाल्या की ड्रायव्हर आमच्याकडून खेपेमागं घेतो ती 'एंट्री'ची वरकमाईही तीनदा. आणि तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वाळतो, वजन आमचं घटतं. घाटातल्या लोकांच्या जिवाची काळजी मलाही आहे, माझी पोरं त्याच रस्त्यानं कॉलेजला जातात. पण प्रत्येक उपायाचं बिल शेतकऱ्याच्या नावावर फाडायचं हे बंद करा.

वळणावरचा_हॉर्न
एसटीत घाटाच्या ड्युट्या केल्यात, म्हणून बोलतो. लोकांना वाटतं धोका फक्त उतारावर. भरलेली गाडी चढताना जास्त भीती. वळणावर गाडी बसते, क्लचचा जळका वास येतो, ड्रायव्हर ब्रेकवर उभा राहतो आणि क्लीनर उडी मारून चाकामागं दगड टाकतो. त्या वेळी मागच्या गाडीला मागं सरकायला जागा नसते, कारण तिच्या मागं अजून दहा लागलेल्या असतात. ट्रक कसाबसा निघून जातो. दगड तिथंच राहतो! रात्री दुचाकीवाला त्याच्यावर जातो. हा अपघात कुणाच्या खात्यावर लिहिणार? ऊसवाला तोपर्यंत काट्यावर पोचलेला.

ट्रॅक्टरची गोष्ट आणखी वेगळी. ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनांचा, मागं दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टनांच्या वर माल. बऱ्याच ट्रॉल्यांना ब्रेकच नाहीत. चढाला पुढची चाकं उचलतात, आणि चाकं उचलली की स्टिअरिंग फिरवून काही उपयोग नाही. उताराला ट्रॉली मागून ढकलते. राधानगरी, आजरा भागातले चढउतार म्हणजे नकाशावर घाट नव्हेत, पण ट्रॅक्टरला तेवढे पुरे होतात.

कठडा_कुठाय
सगळं खापर वजनावर कशाला? जानेवारी 2025 मध्ये सावणूरहून कुमट्याच्या बाजाराला निघालेला फळं-भाजीचा ट्रक कर्नाटकात यल्लापूरजवळ दरीत गेला. दहा जण गेले. समोरच्या गाडीला वाट देताना ट्रक कडेला गेला, अशा बातम्या होत्या. धड कठडा असता तर वाचले असते. आणि पासिंगचं म्हणाल तर 2018 मध्ये केंद्रानंच मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका आसाला (ॲक्सलला) 10.2 टन चालायचे, ते 11.5 झाले. जुन्या गाड्यांचे ब्रेक त्या अधिसूचनेनं सुधारले का? कागदावरचा आकडा सरकार पाहिजे तेव्हा बदलतं आणि आपण त्यावरून ड्रायव्हरला गुन्हेगार ठरवतो.

घाटपायथा
कठडा हवाच, वाद नाही. पण त्या ट्रकात मालाबरोबर विक्रेतेही बसले होते. आपल्याकडे फेब्रुवारी 2021 मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला, त्यात किमान 15 मजूर गेले. तिथे ना दरी, ना घाट. मालावर माणसं बसवायची ही सवय कठड्यानं सुटणार आहे का?

रस्त्याचं_गणित
'दर वाढवा'वाल्यांसाठी एक हिशोब. आसावरचा भार वाढला की रस्त्याची झीज साधारण त्याच्या चौथ्या घातानं वाढते. भार वीस टक्के जादा, तर झीज दुपटीच्या आसपास. घाटात जे खड्डे चुकवताना तुमची गाडी कलते, ते बऱ्याच अंशी तुमच्याच टनांनी पाडलेत. आणि तो जादा माल उंचावर जातो. गुरुत्वमध्य वर सरकला की बाहेरच्या बाजूला कललेल्या वळणावर वेग कमी असूनही गाडी पडू शकते.

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 194 नीट वाचा. 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 20,000 रुपये आणि जादा प्रत्येक टनाला 2,000. वर जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. तो दंड फक्त चालवणाऱ्याला नाही, चालवायला लावणाऱ्याला आणि चालू देणाऱ्यालाही आहे. ज्याच्या काट्यावर रोज जादा वजन नोंदलं जातं आणि जो त्यावर भाडं देतो, तो यातला कोण?

डबल_ट्रॉली
खड्ड्यांचं ऐकून घेतलं. मुरूम-वाळूचे डंपर दिसत नाहीत वाटतं तुम्हाला, फक्त ऊसच दिसतो.

बरं, काट्यावर भाडं कापायचं असेल तर सगळ्या कारखान्यांनी एकाच दिवशी कापावं. एकानं कापलं आणि शेजारच्यानं नाही, तर गाड्या शेजारच्याकडं वळतील, एवढं साधं आहे. आणि घाटाचा दर सपाटीपेक्षा वेगळा लावा. सपाटीच्या किलोमीटरला आणि घाटाच्या किलोमीटरला डिझेल सारखं जळत नाही.

बांधावरून
घाटाचा वेगळा दर म्हणजे डोंगरातल्या शेतकऱ्याच्या बिलातून जास्त कपात, म्हणजे आमच्याच. ती कपात सगळ्या सभासदांवर सारखी वाटणार असाल तर माझा काट्याला पाठिंबा. नाहीतर वार्षिक सभेत पहिला विरोध माझा.

वळणावरचा_हॉर्न
सभा हंगाम सुरू व्हायच्या आधी होते, ऊस त्यानंतर चढतो. यंदाचं काय? निदान लाकडी ठोकळा दोरीनं गाडीला बांधून ठेवायची सक्ती करा. गाडी निघाली की ठोकळा बरोबर निघतो. याला ना दर वाढवावा लागतो, ना कुणाचं बिल कापावं लागतं.