जेट इंजिन आणि पंचगंगेतील केंदाळ

उथळ पाण्यात पंखा खडकावर आपटण्याची भीती नको म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीला जेटच (पंख्याऐवजी पंपाने पाणी मागे फेकून बोट ढकलणारे इंजिन) घ्यावे, असे मत मांडले जाते; ते मान्य आहे. परंतु पंचगंगेपुरते ते अर्धेच खरे आहे. जेट तळाच्या जाळीतून पाणी ओढते, आणि इचलकरंजी-शिरोळकडे नदीवर केंदाळ (जलपर्णी) पसरले की त्याची केसाळ काळपट मुळे त्याच जाळीत गच्च बसतात. मग इंजिन नुसते ओरडते आणि बोट जागची हलत नाही. शिवाय जेटमध्ये साधारण ३० टक्के शक्ती खर्ची पडत असल्यामुळे ६० अश्वशक्तीच्या इंजिनाकडून चाळीसच्या आसपासच धरून चालावे (विक्रेते हे आपणहून क्वचितच सांगतात). बोट पाहताना जाळीच्या पुढे तळाला उभी पट्टी किंवा रिव्हेटची रांग नाही ना, हे वाकून तपासावे, कारण तेथून उठणारे बुडबुडे थेट पंपात जातात.