मदत हवी आहे: कन्सोलवरचा हॉरर गेम फोनवर आणलाय, पण फोनवर कोणी घाबरतच नाहीये

मोळी:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज घोडं अडलंय म्हणून लिहितेय.

आम्ही दोघंच जण आहोत, कोड माझा आणि मॉडेलं-चित्रं मित्राची. ३ वर्षं नोकरी सांभाळून एक सर्व्हायवल हॉरर गेम केला, तो मागच्या वर्षी एक्सबॉक्सवर आला. नाव देत नाही, जाहिरात म्हणून धागा उडायचा. गळीत हंगाम संपलेला साखर कारखाना, रात्रपाळीला एकटी बाई, हातात एक बॅटरी आणि गव्हाणीच्या (ऊस टाकतात त्या जागेच्या) आसपास फिरणारं काहीतरी, एवढीच गोष्ट. त्याला मारता येत नाही, फक्त लपायचं. सेव्ह करायचं तर वजनकाट्यावर जाऊन पावती काढायची आणि कोऱ्या पावत्या मोजक्याच (हो, जुन्या रेसिडेंट ईव्हिल ह्या हॉरर गेममधल्या टाइपरायटरच्या शाईफितीवरूनच घेतलंय, लपवत नाही). विकला किती गेला ते विचारू नका. आता पब्लिशर म्हणतोय अँड्रॉइडवर आणा, आणि ६ महिन्यांत आणा.

गेम युनिटीत (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) आहे, त्यामुळे मला वाटलं टच कंट्रोल टाकले, टेक्श्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) बारीक केली की झालं. आणि तसं झालंही, चालतोय. पण मे महिन्यात इस्लामपूरला ताईकडे गेले होते तेव्हा भाच्याच्या हातात दिला. भर दुपार, पोरगं कॉटवर आडवं, ब्राइटनेस फुल, आवाज बंद कारण आजी झोपलेली. डाव्या अंगठ्यानं चालतोय, उजव्यानं बघतोय, आणि बॅटरीचं बटण उजव्याच कोपऱ्यात, म्हणजे बॅटरी लावायची तर बघणं सोडायचं. मी मागून बघत होते, ते जे फिरतं ते त्याच्या उजव्या अंगठ्याखाली उभं होतं हो, चांगले १०-१२ सेकंद, आणि हा शोधतोय कुठं गेलं म्हणून. मग क्लासच्या सरांचा फोन आला, बोलून परत येतो तर अँड्रॉइडनं गेम मारून टाकलेला, शेवटची पावती २५ मिनिटांपूर्वीची. मला म्हणाला, "मावशी, भीती नाही वाटली, पण अंगठे दुखले." आणि फ्री फायर मॅक्स उघडलं.

तेव्हापासून डोक्यात हेच. कंट्रोल सोपे केले तर बाई बिचारी न राहता कमांडो होते, अवघड ठेवले तर लोक घाबरायच्या आधी वैतागतात. पावत्यांचं काय करू तेही कळेना. शिवाय १२ हजाराच्या फोनवर ८ मिनिटांत फोन तवा होतो आणि सेकंदाला ३० चे १७ फ्रेम, आणि अंधार तर बघायलाच नको, माझ्या फोनवर झकास, भाच्याच्या फोनवर नुसता काळा चौकोन. कुणी असलं काम केलंय का? जाणकारांनी प्रकाश टाकावा (बॅटरीनं टाकला तरी चालेल).

फुकटचा_सल्लागार:

भाऊ, सुरुवातीलाच पाटी लावा, "कंट्रोलर जोडून खेळा". विषय संपला.

मोळी:

भाऊ नाही, ताई :) पाटी लावून बघितली, लोक ओके दाबतात आणि अंगठ्यानंच खेळतात. कंट्रोलर आहे कुणाकडे, १० जणांत एखादा.

रातकिडा:

ताई, मी काही वर्षं मोबाइल गेमच्या टेस्टिंगमध्ये होतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

तुमचा "सोपं की अवघड" हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. २००५ चा रेसिडेंट ईव्हिल ४ आठवा. त्यातल्या नायकाला, लिऑनला, चालता चालता नेम धरता येत नाही. नेम धरला की पाय जमिनीला खिळले, आणि समोरून गावकरी कुऱ्हाड घेऊन सावकाश येतोय. कन्सोलवाल्यांनी तेव्हा ह्याला नावं ठेवली, पण भीती तिथंच होती, की पळू का मारू, दोन्ही एकदम नाही. आता हेच टचवर ठेवून बघा. एका वेळी एकच काम, म्हणजे दोन अंगठ्यांची मारामारीच नाही! २०२३ च्या रीमेकमध्ये चालत चालत नेम धरता येतो, सुरीनं वार परतवता येतो, आणि तोच गेम त्याच वर्षी डिसेंबरात आयफोन १५ प्रोवर आला तेव्हा स्क्रीनवर बटणांची ही गर्दी. दिसायला तोंडात बोट घालाल असा, पण टचवर खेळताना मी १५ मिनिटांत हात टेकले आणि कंट्रोलर शोधला. म्हणजे जुना, अडाणी वाटणारा गेमच फोनला जास्त मानवला असता.

तुमची बाई बॅटरी लावते तेव्हा तिला थांबवा. बॅटरी लावली की चालणं बंद, डावा अंगठा मोकळा, त्याच अंगठ्यानं झोत फिरवायचा. चालायचं तर अंधारात चाला. कंट्रोल सोपे झाले आणि बाई आणखी बिचारी झाली, दोन्ही एका दगडात.

दुसरं म्हणजे २०११ चा मोबाइलवरचा डेड स्पेस हा गेम मिळाला तर त्याचे व्हिडिओ बघा. आयर्नमंकी नावाच्या स्टुडिओनं केला होता. त्यांनी कन्सोलचा गेम कोंबून बसवला नाही, पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधली वेगळी छोटी गोष्ट लिहिली. स्क्रीनवर ठरलेल्या जागी काठी (जॉयस्टिक) नाही, डाव्या अर्ध्या भागात अंगठा कुठंही ठेवा, तिथं चालणं सुरू. हत्यार आडवं-उभं करायचं तर फोनच तिरका करायचा. आणि आयुष्य किती उरलं ते पात्राच्या पाठीच्या कण्यावर दिसतं, ते तर २००८ च्या मूळ गेमपासून, म्हणजे कोपऱ्यातली पट्टीच नको. तुमच्या बाईच्या बॅटरीचा झोत पिवळा पडत गेला की सेल संपले, त्याला आकडा कशाला हवा?

अंगठ्याखाली भूत उभं राहतं त्यावर उपाय सरळ आहे. खालचे दोन्ही कोपरे अंगठ्यांचे, तिथं महत्त्वाचं काही आणायचंच नाही. कॅमेरा जरा असा वळवा की गव्हाण वरच्या मधल्या भागात येईल.

उंबरठा:

+१. पण एलियन आयसोलेशन विसरलात राव. २०१४ चा गेम, फेरल इंटरॅक्टिव्हनं २०२१ च्या डिसेंबरात आयफोन-अँड्रॉइडवर आणला, आणि काहीही कापलं नाही. बटणं हवी तिथं सरकवा, लहानमोठी करा. मी आख्खा फोनवर संपवलाय, पनवेल-ठाणे लोकलमध्ये नाही, रात्री पांघरुणात. त्यातला तो मोशन ट्रॅकर (हालचाल टिपणारं यंत्र) हातात धरला की तुम्ही ट्रॅकरकडे बघता तेव्हा मागचं सगळं धूसर होतं, म्हणजे एकतर यंत्र बघा नाहीतर समोर बघा. वर रातकिडा म्हणतात तेच. फक्त ११ जीबी जागा लागते आणि उतरवताना त्याच्या दुप्पट मोकळी ठेवा म्हणतात, १२ हजाराच्या फोनवाल्याला आधी लग्नाचे फोटो उडवावे लागतील.

कमी ताकदीच्या फोनचं बघायचं तर ग्रॅनी नावाचा गेम बघा. २०१७ चा. ग्राफिक्स काय, घर काय, काहीच नाही, पण हातातनं वस्तू खाली पडली की आवाज होतो आणि म्हातारी येते. आमच्या गल्लीतली पोरं त्यावर किंचाळायची. भीतीला ११ जीबी लागत नाहीत.

चिपाड:

ग्राफिक्सवाला माणूस आहे, तेवढ्यावरच बोलतो.

८ मिनिटांत तवा होतोय म्हणजे ८ मिनिटांनंतरचा फोन हाच तुमचा खरा फोन, पहिल्या मिनिटाचे फ्रेम मोजून खूश होऊ नका. ३० ला कुलूप लावा, ६० चा नाद नको, हॉररला लागतही नाही. रेंडर स्केल (चित्र किती बारीक काढायचं ते प्रमाण) ०.७५ च्या आसपास आणा, वरची अक्षरं पूर्ण रिझोल्यूशनला राहतात त्यामुळे कुणाला कळत नाही. जिवंत (दर फ्रेमला नव्यानं काढलेली) सावली फक्त बॅटरीच्या झोताची, बाकी कारखान्यातले सगळे दिवे लाइटमॅपमध्ये, म्हणजे आधीच काढून ठेवलेल्या उजेडाच्या चित्रात, भाजून टाका. टेक्श्चर एएसटीसी ह्या दाबून लहान केलेल्या फॉरमॅटमध्ये. आणि मला खात्री आहे तुम्ही धुकं म्हणून पारदर्शक थरांवर थर टाकलेत. टाकलेत ना? फोनचा जीपीयू (ग्राफिक्सची चिप) तिथंच मरतो, एकच पिक्सेल दहादा रंगवायला लागतो. साधं अंतरावरचं धुकं लावा. सायलेंट हिलनं १९९९ मध्ये प्लेस्टेशनला लांबचं झेपत नाही म्हणून धुकं घातलं आणि तीच त्याची ओळख झाली, आपण कोण लागून गेलो.

काळ्या चौकोनाचं. एमोलेड स्क्रीनवर शुद्ध काळा म्हणजे पिक्सेल बंद, कॅमेरा फिरवला की तिथं रंग ओघळल्यासारखा दिसतो, आणि स्वस्त एलसीडीवर तळातल्या सगळ्या छटा एकच होतात. दोन्हीवर इलाज एकच, शुद्ध काळा वापरूच नका, जरा निळसर राखाडीपासून सुरुवात करा. पहिल्यांदा गेम उघडला की "ही खूण जेमतेम दिसेल इतपत ठेवा" वाली पाटी द्या, कन्सोलवर असते तीच. आणि उजेडाच्या कडा ठळक ठेवा, दार, पाइप, रेलिंग. अंधारात काय आहे ते दिसायला नको, पण अंधार कुठं सुरू होतो ते दिसायला हवं.

मोळी:

टाकलेत थर. ६ टाकलेत. लाज वाटतेय.

मंद्र:

आवाजाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. तुमच्या कारखान्यात खालच्या पट्टीतला घूं असा आवाज असणार, मिलचा किंवा बॉयलरचा, बरोबर? फोनच्या स्पीकरमधून साधारण २००-३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही येतच नाही. म्हणजे टीव्हीच्या साउंडबारवर जे पोटात जाणवायचं ते फोनवर शून्य. भीती वरच्या पट्टीत हलवा: साखळी घासणं, पत्र्यावर नख, चिपाडावरून पाय ओढत चालल्याची खसखस. आणि तो घूं ठेवायचाच असेल तर त्याच्या वरचे स्वर थोडे मिसळा, कान मूळ स्वर आपोआप भरून काढतो.

आवाज बंद ठेवून खेळणारे अर्धे असतील हे धरूनच चाला. त्यांच्यासाठी व्हायब्रेशन, पण सारखं नाही. ते जवळ आलं की दोन ठोके, बस. आणि ब्लूटूथ इअरफोनवाल्यांना आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो, त्यामुळे "आवाज ऐकला की लगेच लपा" असला डाव ठेवू नका, पोरं नाहक मरतील आणि एक स्टार देतील.

रातकिडा:

पावत्यांचं राहिलं. सेव्ह दोन वेगळे करा. पावती म्हणजे कायमचं सेव्ह, ते तसंच मोजकं राहू दे, त्याच्यात मजा आहे. फोन आला, गेम मागं गेला, की त्या क्षणाचं तात्पुरतं सेव्ह आपोआप, आणि परत उघडलं की ते वापरून पुसून टाकायचं, म्हणजे मेलं की पुन्हा पावतीपासूनच. आणि हे गेम पॉज होतो तेव्हाच लिहा, बंद होताना लिहीन म्हणाल तर अँड्रॉइड मागच्या मागं गळा दाबतो, तुम्हाला निरोपही येत नाही.

मोळी:

३ आठवड्यांनी धागा वर काढतेय. सगळ्यांचे आभार आधी.

बॅटरी लावली की बाई थांबते, हे केलं. पहिल्या दिवशी मित्र माझ्याशी भांडला, म्हणाला आपण गेम मोडला, दुसऱ्या दिवशी स्वतः खेळला आणि बॅटरी लावायलाच तयार नाही, अंधारातच भिंत धरून चालतोय. धुक्याचे थर काढले, त्याच १२ हजाराच्या फोनवर आता २० मिनिटांनंतरही २८-३० मिळतात. मिलचा घूं काढून चिपाडाची खसखस टाकली, ती मी घरी गवताच्या केरसुणीवर रेकॉर्ड केली, आई विचारत होती एवढ्या रात्री झाडतेस काय.

तात्पुरतं सेव्हही झालं. आणि तिथंच नवीन घोळ. भाचा सुट्टीला पुण्यात आलाय, रात्री इअरफोन लावून पांघरुणात खेळत होता, ह्या वेळी घाबरला, मी बघितलं, मान आत ओढून घेतली त्यानं. पण ते वळून त्याच्याकडे यायला लागलं की हा पठ्ठ्या होमचं बटण दाबतो! बाहेर येतो, पाणी पितो, श्वास घेतो, परत जातो. कन्सोलवर पॉज होतंच म्हणा, पण इथं तर त्याला पळवाटच सापडलीय. काय करू?

उंबरठा:

परत आला की ते एक पाऊल पुढं आलेलं दाखवा. हाहा.

मंद्र:

खऱ्याच फोनसाठी उठलेल्या माणसाला ती शिक्षा होईल. परत आल्यावर चित्र लगेच दाखवू नका, तीन सेकंद काळा पडदा आणि फक्त खसखस. कुठल्या बाजूनं येतेय ते ऐकू द्या, मग चित्र.

मोळी:

हे आवडलं. काळा पडदा सगळ्यांना, आणि १० सेकंदांच्या आत परत आलेल्याला उंबरठा म्हणतात तसं एक पाऊल पुढं. फोनवर बोलून येणाऱ्याला १० सेकंद पुरत नाहीत, त्यामुळे तो वाचला. आज रात्रीच गेमचा नवा बिल्ड काढते. भाच्याला सांगणार नाहीये.