एन्ड्युरन्स राइडला पहिल्यांदाच स्वयंसेवक: नाडी मोजायचं काम घेऊ का?

नवी_स्वयंसेविका:
येत्या रविवारी ८० किलोमीटरची एन्ड्युरन्स राइड, म्हणजे लांब पल्ल्याची घोडेस्वारीची स्पर्धा आहे. स्वयंसेवक म्हणून मी नाव दिलंय. घोडे मनापासून आवडतात, पण आजवर त्यांना कुंपणापलीकडूनच पाहिलंय. आयोजक विचारतायत की व्हेट गेटवर (वाटेत घोडे तपासायच्या थांब्यावर) घोड्यांची नाडी मोजायला थांबाल, की पशुवैद्यांच्या शेजारी तपासणीची कार्डं लिहायला? नाडी मोजायला मला फार आवडेल. पण माझ्या आकड्यावर कुणाची राइड थांबणार असेल, तर नवख्या माणसाने ते काम घ्यावं का?

दुडकी:
जरूर घ्या. मी बरीच वर्षं हेच काम करतोय आणि दर राइडला तेच मागून घेतो. त्यासाठी घोड्यावर बसता यावं लागत नाही.

घोड्याच्या डाव्या बाजूला, खांद्याला लागून उभ्या राहा. पुढच्या पायाच्या कोपरामागे, तंगाचा (खोगीर आवळायचा) पट्टा येतो तिथे स्टेथोस्कोप टेकवा आणि हळूच कोपराच्या आतल्या बाजूला सरकवा. ‘लब-डब’ हे दोन आवाज मिळून एक ठोका. नवा माणूस ते वेगवेगळे मोजतो आणि ५२ ची नाडी १०४ होऊन बसते. १५ सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं. १६ ठोके म्हणजे ६४. बऱ्याच राइडमध्ये नाडी जास्तीत जास्त इतकीच चालते, ही मर्यादा काही ठिकाणी ६० असते. तुमच्याकडे किती ते आदल्या दिवशीच्या बैठकीत सांगतील, ती चुकवू नका. बैठक झाली की एखाद्या रायडरला विचारून त्याच्या निवांत उभ्या घोड्याचे ठोके ऐका. तेव्हा नाडी मिनिटाला ३० ते ४० च्या घरात असते, सावकाश आणि स्पष्ट. कान तिथे बसला की रविवारी अडत नाही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. तंदुरुस्त घोडा थांबला, अंगावर पाणी पडलं की त्याची नाडी भराभर उतरते. ती वरच अडकून राहिली, तर त्याला काहीतरी होतंय: उष्णता, अंगातलं पाणी कमी होणं, कुठेतरी दुखणं. या खेळात अरबी घोडे खूप असतात आणि ते इतके जिद्दीचे असतात की त्रास होत असतानाही पळत राहतात. तोंडाने तो सांगणार नाही, त्याच्या वतीने तुमचा आकडा बोलतो. म्हणून १७ ठोके आले तर ६८ च सांगायचे. पुष्कळ राइडमध्ये नाडी मर्यादेत आल्यावरच सक्तीच्या विश्रांतीची वेळ सुरू होते, त्यामुळे रायडरला घाई असते. शेजारी उभा राहून तो म्हणेल, ‘आलीच ना खाली?’ त्याच्यावर दया म्हणून एक ठोका गाळलात, तर तो घोड्याच्या वाट्यातून गेला. मोजताना घोडा दचकला, शेजारचा घोडा निघून गेल्याने खिंकाळला, तर तो आकडा सोडून द्या आणि पुन्हा पहिल्यापासून मोजा.

शेपटीला लाल रिबीन बांधलेली दिसली तर तो घोडा लाथ मारतो. एरवीही मागून जाऊ नका, आणि मोजायला खाली बसू नका, वाका. बूट जाड आणि बंद हवेत.

खरारा:
दुडकींनी नाडीचं छान सांगितलंय. मी कार्डं लिहिते, म्हणून त्या कामाबद्दल थोडं. पशुवैद्य तपासत जातात आणि शेरे मोठ्याने सांगतात, ते आपण उतरवायचे. हिरड्यांचा रंग, हिरडी दाबून सोडल्यावर किती वेळात पुन्हा गुलाबी होते (साधारण दोन सेकंदांच्या आत व्हायला हवी), मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर किती लवकर सपाट होते, पोटाच्या दोन्ही बाजूंना वर-खाली आतड्यांचे आवाज. मग घोड्याला सरळ रेषेत दुडकी चालीने नेऊन आणतात, तो लंगडतोय का ते पाहायला. काही राइडमध्ये दुडकी सुरू झाल्यापासून एका मिनिटाने नाडी पुन्हा मोजतात. आधी ६० होती आणि नंतरही ६० आली तर उत्तम. दुसरा आकडा वर गेला असेल तर पशुवैद्य त्या घोड्याला जास्त वेळ देतात.

इतकी तपासणी इतक्या जवळून दुसरीकडे कुठे बघायला मिळत नाही. जमलं तर सकाळी नाडी आणि दुपारी कार्डं असं मागून बघा.

नवी_स्वयंसेविका:
दोघांचेही आभार, तसंच मागते. एक शंका राहिली. माझा आकडा ऐकून रायडर चिडला तर काय करायचं?

दुडकी:
वाद घालू नका. ‘दुसऱ्याकडून मोजून घेऊ या’ म्हणा आणि शेजारच्या अनुभवी स्वयंसेवकाला बोलवा. फेरमोजणी मागण्यात रायडरचं काही चुकत नाही. घोड्याला थांबवायचं की नाही हे पशुवैद्य ठरवतात, तो भार तुमच्यावर नाही.

बहुतेक रायडर मात्र स्वतःच घोड्याकडे बघून हळहळतात. शेवटची रेषा ओलांडल्यानंतरही तपासणी असते, आणि घोडा पुढे जाण्याइतका ठीक नसेल तर सगळं अंतर कापूनही राइड पूर्ण धरत नाहीत. हा नियम मला या खेळातला सगळ्यात मोलाचा वाटतो. तिथे थांबवलेल्या रायडरशी लगेच बोलायला जाऊ नका. घोड्यासाठी पाण्याची बादली आणून द्या, तेवढं पुरतं.

आणि शेवटचा घोडा येईपर्यंत थांबता आलं तर थांबा. उशिरा पोचणाऱ्यांच्या वेळी मोजायला माणसं कमी उरतात. डोक्याला बांधायची बॅटरी आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ सोबत ठेवा, ओल्या हातांनी फोनवर वेळ लावता येत नाही.