रहस्य कादंबरी स्वतः काढायची आहे: छपाई, विक्री आणि पुढचं लेखन एकत्र कसं बसवावं?

दादर_टीटी

तिसरी रहस्य कादंबरी लिहून झाली आहे. डेमी या कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकारात सगळं धरून २१० पानं होतात. आधीच्या दोन प्रकाशकाकडून आल्या, ही स्वतः काढायची आहे. ५०० प्रती, किंमत ३०० रुपये, आणि दिवाळीला पुस्तक वाचकांच्या हातात हवं. चौथीचा खर्डा अर्ध्यावर आहे. नोकरी सांभाळून रोज दीड तास मिळतो. कामांचा क्रम कसा लावावा? शिवाय ब्लर्ब, म्हणजे मागच्या कव्हरवरची पुस्तकाची ओळख, लिहायला घेतला की अर्धी गोष्ट त्यातच सांगून होते, त्याचं काय करायचं?

फॉर्म_सोळा

आधी पानं कमी करा. ऑफसेट छपाईत पानं गठ्ठ्याने छापून घडी घालतात. त्या गठ्ठ्याला फॉर्म म्हणतात आणि तो १६ पानांचा असतो. १३ फॉर्म म्हणजे २०८ पानं, वरच्या दोन पानांसाठी चौदावा फॉर्म कशाला? खरं तर मजकूर २०४वरच थांबवा. दुकानात उभ्या उभ्या शेवटचं पान उघडणारे वाचक असतातच, आणि उलगडा तिथे असेल तर खुनी काउंटरवरच सापडतो. शेवटची चार पानं आधीच्या पुस्तकांच्या माहितीला द्या. अक्षराचा आकार न बदलता ओळींमधलं अंतर किंचित कमी केलं, तरी सहा पानं सहज निघतात.

५०० ही सीमारेषेवरची संख्या आहे, म्हणून डिजिटल आणि ऑफसेट दोन्हींचे दर मागवा. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो कागद आणि ३०० जीएसएमचं कव्हर धरलं तर प्रत साधारण २४० ग्रॅमची होईल. कणा १० मिलिमीटरच्या आसपास येतो, पण कागद बदलला की तोही बदलतो. म्हणून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्या आणि मगच कव्हरवाल्याला माप द्या. कागदाचा दाणा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, कण्याला समांतर हवा. आडवा असेल तर मुंबईच्या पावसाळी हवेत पुस्तक उघडं राहतं, मिटत नाही.

फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये किंवा उलट गेली असेल तर 'ऱ्य', 'ऱ्ह' आणि 'ॲ' वेगळे शोधून तपासा. 'सुऱ्याचे वार' छापताना 'सुर्याचे वार' होतात. रहस्यकथेत आणखी एक धोका म्हणजे हुशार मुद्रितशोधक. बनावट चिठ्ठीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक हाच पुरावा असेल, तर ती तो इमानेइतबारे दुरुस्त करून ठेवतो. अशा जागांची पान-ओळीसह यादी त्याला आधीच द्या.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये प्रेस दिवाळी अंकांत बुडालेले असतात. अंतिम फाइल जुलैअखेर गेली पाहिजे. प्रती आल्या की प्रत्येक गठ्ठ्यातली एक प्रत उघडून फॉर्मांचा क्रम बघा. बांधणीत एखादा फॉर्म गळतो किंवा दोनदा लागतो. इतर कादंबरीत वाचक कुरकुरतो, इथे शेवटचा फॉर्म गळाला तर पैसे परत मागतो.

छबिलदास_गल्ली

विक्रीचं गणित आधी करा, उत्साह नंतर. वितरकाला ४५ टक्के सूट दिली तर ३०० पैकी तुमच्याकडे १६५ रुपये येतात. म्हणून एका प्रतीचा निर्मितिखर्च किमतीच्या पाव पटीत, म्हणजे ७५ रुपयांत बसायला हवा. उरलेल्या ९० रुपयांतून खोकी, टेम्पो, अभिप्रायाच्या प्रती आणि कोपरे दुमडून परत आलेला माल भागवायचा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण प्रेसच्या बिलावर असतो आणि तो तुमच्या खर्चातच जातो.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो. लेखक स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो. निदान महिनाभर आधी करा, कारण तो क्रमांक आल्याशिवाय कव्हरवर बारकोड बसत नाही. पुस्तक आल्यापासून ३० दिवसांत १९५४च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई धरून आणखी तीन ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. हौशी प्रकाशक नेमकं हेच विसरतात.

वाचकांना घरपोच पाठवायला डाकखात्याचं ज्ञान पोस्ट १ मे २०२५पासून सुरू आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, वर कर. म्हणजे पाकीट ६० ग्रॅमच्या आत ठेवा. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं. कादंबरी त्यात घेतात का, ते तुमच्या टपाल कार्यालयात आधी विचारा.

वाचनालयांची खरेदी मार्चअखेरीला जोर धरते, तेव्हा १०० प्रती फेब्रुवारीपर्यंत राखून ठेवा. प्रकाशन समारंभ दादरलाच घ्या, मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्गांवरचे लोक येतात. फक्त रविवार असेल तर मेगाब्लॉकची वेळ बघून निमंत्रणाची वेळ नक्की करा. ब्लॉकमुळे डोंबिवलीचा वाचक पोचला नाही, तर दोष लेखकालाच.

सुटलेला_दुवा

ब्लर्बला एकच नियम पुरतो: पुस्तकाच्या पहिल्या चौथ्या भागापलीकडचं काही सांगायचं नाही. तुमच्या बाबतीत पान ५०. दुसरा खून त्यानंतर होत असेल तर तो ब्लर्बमध्ये नको. 'शेवटपर्यंत संशय येणार नाही असा खुनी' हेही लिहू नका, वाचक लगेच सर्वांत सज्जन माणसाकडे बोट दाखवतो. प्रकरणांना नावं दिली असतील तर अनुक्रमणिका काढून टाका.

मनोगत शेवटी घ्या. त्यात विषशास्त्राच्या प्राध्यापकांचे आभार असतील तर खून कसा झाला ते पहिल्याच पानावर फुटतं. मनोगत शेवटी घेण्याचा किंडलवर दुसरा फायदा होतो. तिथे नमुना म्हणून साधारण पहिले १० टक्के दिसतात, म्हणजे तुमची २० पानं. प्रस्तावना आणि मनोगतात त्यातली १२ गेली, तर वाचकाला प्रेत दिसण्याआधीच नमुना संपतो.

छापायच्या आधी कलमं तपासा. १ जुलै २०२४ किंवा त्यानंतरच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं, जुन्या दंडसंहितेचं ३०२ नाही. पात्रांच्या तोंडी 'तीनशे दोन' चालेल, आरोपपत्रात चालणार नाही.

वेळेचं म्हणाल तर दीड तासाचे तुकडे पाडू नका. आठवड्याचे चार दिवस फक्त चौथी कादंबरी, बाकीचे तीन दिवस तिसरीची कामं. लोकलमध्ये पोस्टरचा मजकूर लिहिता येतो, प्रुफं वाचता येत नाहीत. प्रकाशनाच्या पंधरवड्यात खर्डा थांबणारच. तेव्हा कोणत्या पात्राला कोणत्या प्रकरणापर्यंत काय माहीत आहे, याचा तक्ता आधी करून ठेवा. तो नसेल तर परतल्यावर निम्मा महिना स्वतःचंच पुस्तक वाचण्यात जातो.

दादर_टीटी

सर्वांचे आभार. किंडलवर ७० टक्के रॉयल्टी मिळते ना? आणि आधीच्या दोन पुस्तकांचं ऑडिओ मला करता येईल का?

सुटलेला_दुवा

भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर केडीपी या ॲमेझॉनच्या स्वप्रकाशन सेवेतल्या 'सिलेक्ट' योजनेत जावं लागतं, नाहीतर ३५. सिलेक्ट म्हणजे ९० दिवस ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही नको. ब्लॉगवर क्रमशः टाकलेली प्रकरणंही त्यात येतात, तेव्हा ती आधी काढा. १० टक्क्यांपर्यंतचा नमुना चालतो. छापील प्रत आणि ऑडिओ यांना ही अट नाही.

ऑडिओसाठी जुने करार काढून वाचा. त्यात ऑडिओचे हक्क नावानिशी दिले आहेत का ते बघा. हक्क दिले आहेत पण मुदत लिहिलेली नाही, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९प्रमाणे ती ५ वर्षं धरतात. करार कधी सही झाले?