कोरोनर कचेरीचं मानांकन

अमेरिकेत कोरोनर, म्हणजे संशयास्पद किंवा अचानक झालेल्या मृत्यूंचं कारण तपासणारा अधिकारी असतो. त्याच्या कचेरीला दर्जाचं मानांकन मिळावं म्हणून सरकार अनुदान देतं, त्यावर "नुसत्या प्रमाणपत्रासाठी सरकारी अनुदान कशाला?" असं एकानं विचारलंय. फी हा त्यातला किरकोळ भाग हो. 'नेम', म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल एक्झामिनरांची (हेच काम करणाऱ्या डॉक्टर अधिकाऱ्यांची) राष्ट्रीय संघटना, मानांकन देताना शवविच्छेदन करणाऱ्या एका डॉक्टरच्या, म्हणजे फोरेन्सिक पॅथॉलॉजिस्टच्या वाट्याला वर्षाला किती शवविच्छेदनं येतात ते बघते. शिफारस २५० ची. आकडा ३२५ च्या वर गेला की ती गंभीर त्रुटी. मग आणखी एक डॉक्टर नेमा! तो मिळणंच मुश्कील, कारण अख्ख्या देशात फोरेन्सिक पॅथॉलॉजिस्टांचा तुटवडा. शिवाय शीतगृह, एक्स-रे, नोंदींचं सॉफ्टवेअर, तपासनिसांचं प्रशिक्षण. छोट्या काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) बजेटात हे कुठून बसणार? म्हणून २०१७ पासून तिथल्या न्याय खात्याची वेगळी अनुदान योजना आली.

बऱ्याच राज्यांत कोरोनर चक्क निवडणुकीतून येतो, डॉक्टर असायची अटही नसते. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस या विज्ञान संस्थेच्या २००९ च्या अहवालात तर कोरोनर पद्धतच हळूहळू मोडीत काढा, असं सुचवलं होतं. मला ते पटतं, पण तोवर कचेऱ्या निदान मानांकित तरी असाव्यात.

(मुंबईतही कोरोनर होता, १९९९ मध्ये ते पद रद्द झालं.)